किशोर, किशोरी आणि मैदानाची मापे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शालेय क्रीडा स्पर्धा सहा गटांत होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुले हे तीन गट, आणि त्याच तीन वयांच्या मुली हे दुसरे तीन. तालुक्याला जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो, जिल्ह्याचा कोल्हापूर विभागाला आणि विभागाचा राज्याला. मंडणगडपासून राजापूरपर्यंत प्रत्येक क्रीडाशिक्षकाला हे वेळापत्रक पाठ असते. या सहा खणांपैकी वयाच्या भिंती आधी उभ्या राहिल्या की मुलगा-मुलगी ही भिंत, आणि ती कुणी, कशाच्या आधारावर उभी केली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर काही अंशी शरीरशास्त्रात आहे, काही अंशी कोकणच्या समाजजीवनात, आणि बरेचसे कबड्डी व खो-खो या दोन खेळांच्या नियमपुस्तकांत.

या दोन नियमपुस्तकांची या बाबतीत एकवाक्यता नाही. कबड्डीत पुरुष आणि कुमार मुलांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. महिला आणि कुमारी गटाचे १२ बाय ८ मीटर. पुरुष व कुमारांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, महिला व कुमारींचा १५ मिनिटांच्या दोन डावांचा. खो-खोत असे काही नाही. पुरुष, महिला, कुमार आणि मुली या चारही गटांना तेच २७ बाय १६ मीटरचे मैदान, तेच दोन खांब आणि तीच ९ मिनिटांची पाळी. एकाच मातीत वाढलेल्या दोन खेळांपैकी एकाने मुलीला वेगळे मोजले आणि दुसऱ्याने मोजलेच नाही. हे असे का झाले हे समजून घ्यायचे तर नियम लिहिले जाण्याच्या आधीच्या काळापासून सुरुवात करावी लागते.

एकोणिसाव्या शतकातल्या कोकणात तेरा-चौदा वर्षांची खेळाडू मुलगी ही कल्पनाच नव्हती, कारण त्या वयाची मुलगी बहुधा सासरी नांदत असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. १९४९ मध्ये मुलींसाठी ते १५ झाले, आणि आजची १८ व २१ ही वये १९७८ मध्ये आली. मुलीचे लहानपण आणि तिचा संसार यांच्यामध्ये काही मोकळी वर्षे असली तरच त्या वर्षांत स्पर्धा होऊ शकते. ती वर्षे कायद्याने आणि शाळेने मिळून हळूहळू तयार केली. स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेले धोंडो केशव कर्वे याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेले. त्यांच्या सहकारी पार्वतीबाई आठवले देवरुखच्या. दोघांचे काम मात्र पुण्याजवळ हिंगण्याला उभे राहिले.

मुली खेळतच नव्हत्या असे मात्र नाही. गौरी-गणपतीच्या रात्री जागवायला फुगड्या, झिम्मा, पिंगा, कोंबडा असे एकाहून एक दमछाक करणारे प्रकार होते, आणि त्यांत परकऱ्या पोरींपासून नातवंडे झालेल्या बायांपर्यंत सगळ्या असत. बस फुगडी किंवा कोंबडा घालताना मांड्यांच्या स्नायूंवर येणारा ताण आजच्या कोणत्याही प्रशिक्षकाला मान्य होईल असा आहे. फरक एवढाच की या खेळात कुणी हरत नसे, गुण लागत नसत, आणि पुरुष मंडळी पाहायला बसत नसत. मुलांकडे हुतूतू, विटीदांडू, आट्यापाट्या, सूरपारंब्या हे खेळ होते. त्यांत हारजीत होती, पैज होती आणि वाडीची इभ्रतही होती. शारीरिक मेहनतीत दोन्ही बाजू सारख्याच होत्या, स्पर्धा मात्र मुलग्यांच्या वाट्याला आली.

मेहनतीचा मुद्दा रत्नागिरीत विशेष महत्त्वाचा आहे. इथला कर्ता पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बोटींवर गेला. भातलावणी, कवळतोड, घाटीवरून पाणी आणणे, भाऱ्यांची वाहतूक ही कामे मागे राहिलेल्या बायकांनी आणि वाढत्या पोरींनी केली. २०११ च्या जनगणनेतही जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. त्यामुळे कोकणातल्या मुलीला मैदानी खेळ झेपणार नाहीत ही समजूत डोळ्यांसमोरच्या रोजच्या दृश्याशी कधीच जुळणारी नव्हती. तरीही ती शहरातून, पुस्तकांतून आणि नियमांतून इथे आली.

नियमांचा इतिहास पुणे, सातारा आणि बडोदा या गावांत घडला. डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खो-खोला नियमांत बसवायला सुरुवात केली. कबड्डीचे, म्हणजे तेव्हाच्या हुतूतूचे, नियम साताऱ्यात १९१८ च्या सुमारास आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यात १९२३ मध्ये आकाराला आले. १९२८ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि देशी खेळांच्या नियमांना एक प्रांतिक व्यासपीठ मिळाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हे खेळ परदेशी प्रेक्षकांना दाखवले. या साऱ्या टप्प्यांवर नियम लिहिताना डोळ्यांसमोर होता तो तरुण पुरुष. मैदानाची लांबी त्याच्या धावेवरून ठरली आणि डावाचा वेळ त्याच्या दमावरून.

स्त्रिया नंतर आल्या, पण किती नंतर हे खेळागणिक वेगळे आहे. कबड्डीची पहिली पुरुष राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला झाली, महिलांची १९५५ मध्ये कलकत्त्याला. खो-खोची पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला आणि महिलांची लगेच पुढच्या वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला. किशोरवयीनांच्या बाबतीत हे अंतर पुन्हा वाढले. १८ वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा १९७० मध्ये हैदराबादला सुरू झाली, मुलींची १९७४ मध्ये इंदूरला. प्रौढ महिलांना एका वर्षात जागा देणाऱ्या खेळाने वाढत्या मुलींना चार वर्षे थांबवले. स्त्रीने खेळणे समाजाला पटले तरी वयात येणाऱ्या मुलीला परगावी स्पर्धेला पाठवणे जड जात होते, असाच या चार वर्षांचा अर्थ लावता येतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर कबड्डीतले अंतर याहून मोठे होते: आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला आली, महिलांची २०१० मध्ये ग्वांगजौला.

यात भारत एकटा नव्हता. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली आणि अंतर त्यांना झेपत नाही असे ठरवून पुढे १९६० पर्यंत ती बंद ठेवली गेली. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये, पोल व्हॉल्ट २००० मध्ये आणि तीन हजार मीटर स्टीपलचेस थेट २००८ मध्ये आली. या प्रत्येक वेळी आधी बंदी शरीराच्या नावाने घातली गेली आणि नंतर ती शरीराला विचारल्याशिवायच उठवली गेली.

शरीराचे प्रत्यक्ष मोजमाप काय सांगते ते आता पाहू. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या उंचीत, वजनात, स्नायूंत आणि फुफ्फुसांच्या क्षमतेत फार थोडा फरक असतो. धावणे आणि उडी यांत मुलगे सरासरीने किंचित पुढे असतात, पण त्यातला काही वाटा जास्त खेळण्याच्या संधीचाही असतो. मुलीची वयात येण्याची प्रक्रिया मुलाच्या साधारण दोन वर्षे आधी सुरू होते. उंची वाढण्याचा सर्वाधिक वेग मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास असतो. त्यामुळे सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच आणि थोराड दिसतात. हे सत्य कोणत्याही शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत पाहायला मिळते. त्या एक-दोन वर्षांत मिश्र संघात मुलगी सर्वांत दमदार खेळाडू असण्याची शक्यता बरीच असते.

नंतर चित्र झपाट्याने पालटते. मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढू लागते आणि प्रौढपणी ते स्त्रीच्या पंधरापट किंवा त्याहूनही अधिक होते. त्यामुळे स्नायूंचे आकारमान वाढते, खांदे रुंदावतात, हाडे लांब व जाड होतात आणि रक्तातले हिमोग्लोबिन स्त्रीच्या तुलनेत सुमारे १२ टक्क्यांनी अधिक होते, म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. मुलीच्या शरीरात इस्ट्रोजेनमुळे चरबीचे प्रमाण वाढते, कटिभाग रुंदावतो आणि उंचीची वाढ मुलाच्या आधी थांबते. प्रौढपणी उंचीत साधारण १२-१३ सेंटिमीटरचा फरक उरतो. ऑस्ट्रेलियातले संशोधक डेव्हिड हँडल्समन यांनी २०१७ मध्ये धावणे, उड्या आणि पोहणे यांतल्या वयवार कामगिरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही लिंगांच्या कामगिरीचे आलेख बारा-तेराव्या वर्षापर्यंत जवळजवळ एकत्र चालतात आणि मुलाच्या टेस्टोस्टेरॉनची वाढ सुरू होते तिथेच फाकतात, असे त्यांना आढळले. विशीच्या सुमारास हा फरक स्थिरावतो. धावण्यात तो साधारण १० ते १२ टक्के असतो, उड्यांत १८-२० टक्क्यांच्या आसपास. हात आणि खांद्यांच्या ताकदीत तो सर्वांत मोठा, आणि पायांच्या ताकदीत त्या मानाने बराच कमी.

जागतिक विक्रम हेच दाखवतात. १०० मीटरमध्ये ९.५८ आणि १०.४९ सेकंद, लांब उडीत ८.९५ आणि ७.५२ मीटर. महाराष्ट्रातली एक जोडी याहून बोलकी आहे. साताऱ्याच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत धावली. बीडच्या अविनाश साबळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला तेच अंतर ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत. फरक सुमारे १४ टक्क्यांचा. त्यातही पुरुषांचे अडथळे ९१.४ सेंटिमीटर उंचीचे असतात आणि स्त्रियांचे ७६.२. दुष्काळी गावांत, साधनांच्या अभावातच वाढलेले हे दोन धावपटू. फरकाचा मोठा वाटा शरीररचनेचा आहे हे मान्य करायला हरकत नाही.

हे सारे सरासरीचे हिशेब आहेत, आणि किशोरवयात सरासरी फसवी असते. चौदा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसरा अजून लहान मुलाच्या शरीरात असतो. त्या दोघांतला फरक कधीकधी चौदा वर्षांचा मुलगा आणि मुलगी यांच्यातल्या फरकापेक्षाही मोठा असतो. ब्रिटिश बालवाढ-संशोधक जे. एम. टॅनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर जन्मतारखेपेक्षा शरीराच्या परिपक्वतेचा टप्पा महत्त्वाचा आहे हे शास्त्रीय रीतीने मांडले, आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढण्याची त्यांची पद्धत पुढे वयचोरी पकडायला क्रीडासंघटनांनी वापरली. भारतीय देशी खेळांना हे शहाणपण एका ओबडधोबड पण उपयुक्त मार्गाने आधीच सुचले होते. खो-खोच्या किशोर गटात वर्षे, किलो आणि सेंटिमीटर यांची बेरीज करून निर्देशांक काढण्याची पद्धत होती. कबड्डीत वयाबरोबर वजनाचा काटा लावला गेला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजन उतरवण्यासाठी मैदानाला फेऱ्या मारणारी आणि पाण्याचा घोटही न घेणारी पोरे ही या काट्याची दुसरी बाजू.

कबड्डीचा काटा बारकाईने पाहण्यासारखा आहे. कुमार गटात २० वर्षांखालील मुलांना ७० किलोची मर्यादा आणि मुलींना ६५ किलोची. त्याच्या खालच्या, १६ वर्षांखालील गटात मात्र किशोर आणि किशोरी दोघांनाही ५५ किलो. मैदानाचेही तेच: किशोर आणि किशोरी दोघांनाही ११ बाय ८ मीटरचे अंगण आणि १५ मिनिटांचा डाव. सोळाव्या वर्षापर्यंत नियमपुस्तक मुलगा-मुलगी यांना सारखे मोजते, त्यांचे गट फक्त वेगळे ठेवते. सोळानंतर मुलगा मोठ्या अंगणात जातो आणि मुलगी १२ बाय ८ मध्ये. आलेख खरे तर तेरा-चौदाला फाकतात, म्हणून ही रेषा शरीरशास्त्राच्या दृष्टीने थोडी उशिरा पडते. तरी दिशा बरोबर आहे, आणि वजनाची अट समान असल्यामुळे मधल्या दोन वर्षांची तफावत बरीचशी भरून निघते.

अंगण लहान करण्याचा परिणाम वरवर दिसतो त्याहून खोल जातो. १३ बाय १० म्हणजे १३० चौरस मीटर, १२ बाय ८ म्हणजे ९६. महिलांचे क्षेत्र सुमारे २६ टक्क्यांनी कमी. मध्यरेषेपासून निदान रेषा पुरुषांना पावणेचार मीटरवर, महिलांना तीन मीटरवर. म्हणजे चढाईला गेलेली मुलगी कमी पावलांत निदान रेषा ओलांडते, पण सात क्षेत्ररक्षकही तिच्या अधिक जवळ असतात आणि कोपऱ्यातून निसटायला जागा कमी मिळते. शरीराच्या फरकाची भरपाई म्हणून केलेल्या या बदलाने महिलांच्या कबड्डीला पकडींचा, गुंत्याचा, घोट्याला हात घालण्याचा वेगळा बाज दिला. डावाची पाच मिनिटे कापण्यामागे मात्र जुनी समजूत दिसते. दीर्घ दमाच्या प्रकारांत स्त्री-पुरुषांतला टक्केवारीचा फरक उड्या किंवा फेकीपेक्षा मोठा नाही, आणि स्त्रिया पाच तासांचे टेनिस सामने खेळत नाहीत तेही शरीरामुळे नव्हे. १५ मिनिटांच्या डावाला शरीरशास्त्रात भक्कम आधार सापडणे कठीण आहे.

खो-खोला अशा भरपाईची गरज का पडली नाही, याचे कारण खेळाच्या घडणीत आहे. पाठलाग करणारी आणि पळणारी, दोघीही मुलीच. संरक्षक खेळाडू किती वेळ टिकते हे तिच्या निव्वळ वेगावर ठरत नाही. तिचा वेग आणि समोरच्या आक्रमकाचा वेग यांतल्या तफावतीवर ठरते. दोन्ही बाजू दहा-बारा टक्क्यांनी मंद झाल्या तरी घड्याळात विशेष काही बदलत नाही. म्हणून मुलींच्या सामन्याचा गुणफलक मुलांच्या गुणफलकाशेजारी ठेवला तर कोणता कुणाचा हे ओळखता येत नाही. शिवाय आक्रमकाला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही आणि पाटी ओलांडता येत नाही, पळणारीला मात्र सगळे मैदान मोकळे. हूल देणे, वेळेवर खो मिळवणे, खांबापाशी पाय रोवून वळणे, साखळी पळणे ही कौशल्ये ताकदीपेक्षा चपळाईची आणि अंदाजाची आहेत. ताकद लागते ती खांबावरून आणि पाटीवरून सूर मारताना. तिथे उंच, लांब हातांच्या मुलाला फायदा आहेच. पण तो फायदा मुलांच्या गटात मुलांविरुद्धच वापरला जातो. किशोर-किशोरींसाठी खो-खो मैदान २३ बाय १४ मीटर करतो आणि पाळी ७ मिनिटांची. म्हणजे या खेळाने वय ओळखले आणि लिंगाकडे दुर्लक्ष केले. देशी खेळांच्या जनकांनी हे जाणूनबुजून केले असे मानायला आधार नाही. परिणाम मात्र चांगला झाला.

पुरस्कारांत मात्र खो-खोने मुलामुलींचे चौकटीत बसवलेले विभाजन पाळले आहे. किशोरांना भरत, किशोरींना इला. कुमारांना वीर अभिमन्यू, मुलींना जानकी. पुरुषांना एकलव्य आणि महिलांना राणी लक्ष्मीबाई. नावांची निवड पाहण्यासारखी आहे: मुलगा अठरापर्यंत चक्रव्यूहात शिरतो, मुलगी जानकी राहते, आणि तलवार तिच्या हाती प्रौढ झाल्यावरच येते.

मल्लखांबाने तिसराच मार्ग धरला. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा प्रचारात आणलेला हा व्यायाम तालमींत पुरुषांचा होता. मुली त्यात आल्या तेव्हा पुरलेला लाकडी खांब मुलांकडे राहिला आणि दोरीचा मल्लखांब मुलींकडे गेला. स्पर्धांतही ही वाटणी बराच काळ टिकली. दोरीवर आपले सगळे वजन हातांनी आणि पायांच्या अंगठ्याच्या पकडीने पेलावे लागते, म्हणजे ज्या हात-खांद्यांच्या ताकदीत मुलींची बाजू सर्वांत उणी समजली जाते तीच इथे पणाला लागते. ही वाटणी शरीरामुळे झाली नव्हती, लंगोट आणि लज्जा यांच्यामुळे झाली होती, हे त्यावरून उघड होते. अलीकडे मुली पुरलेल्या मल्लखांबावरही स्पर्धेत उतरू लागल्या आहेत.

मैदानी खेळांत, म्हणजे ॲथलेटिक्समध्ये, साधनांची मापे हाच तोडगा आहे. प्रौढ पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, १८ वर्षांखालील मुलांचा ५ किलोचा; महिलांचा ४ किलोचा आणि १८ वर्षांखालील मुलींचा ३ किलोचा. भाल्यात पुरुषांना ८०० ग्रॅम, १८ वर्षांखालील मुलांना ७००, महिलांना ६०० आणि मुलींना ५००. यात एक सोय आहे आणि एक अडचण. सोय अशी की वाढत्या खांद्यांवर अकाली ओझे येत नाही. अडचण अशी की खेड्यातल्या शाळेत वेगवेगळ्या वजनांचे गोळे क्वचितच असतात, आणि जो एक असतो तो सरसकट सगळ्यांना दिला जातो.

रत्नागिरीतला क्रीडाकारभार या नियमांच्या जोडीला पावसाशीही झुंजतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका पावसाळ्यात सुरू होतो. जांभ्याची तांबडी जमीन ओली असली की निसरडी आणि वाळली की खरखरीत. त्यामुळे मॅटवरच्या आणि छपराखालच्या मैदानांचे इथे महत्त्व मोठे आहे. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणला श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टच्या क्रीडासंकुलात भरणाऱ्या डेरवण युथ गेम्समध्ये १८ वर्षांखालील मुले आणि मुली अनेक खेळांत एकाच आवारात उतरतात. रत्नागिरी शहरात मारुती मंदिराजवळचे शिवाजी स्टेडियम हे जुने केंद्र. खो-खोत रत्नागिरीच्या ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार, आरती कांबळे यांची नावे राज्य पातळीवर गाजली. जिल्ह्याची ओळख इथे मुलींनी घडवली, आणि मैदानाची मापे मुलामुलींना सारखी असलेल्या खेळातच घडवली, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकातही पुरुष आणि महिला दोन्ही गट एकाच नियमाने, ७ मिनिटांच्या पाळ्यांनी खेळले आणि दोन्ही विजेतेपदे भारताला मिळाली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

मैदानावर टिकून राहण्याच्या बाबतीत मात्र मुलामुलींची गणिते अजून वेगळी आहेत. किशोरी गटात भरलेली मैदाने १९ वर्षांखालील गटात विरळ होतात. दहावीचे वर्ष, कॉलेजसाठी एसटीचा प्रवास, घरकाम आणि सांजवेळी उशिरा परतण्याची धास्ती ही कारणे नेहमीची आहेत. खेळाडूंना शासकीय नोकरीत असलेले पाच टक्के आरक्षण आणि परीक्षेतले वाढीव गुण यांमुळे काही मुली थांबतात. पण या वयात शरीराच्याही काही अडचणी सुरू होतात ज्यांकडे पुरुषांसाठी घडलेल्या प्रशिक्षणपद्धतीने लक्ष दिले नव्हते. मासिक पाळीचा विषय मैदानावर काढायचाच नाही ही जुनी रीत. कित्येक मुली पाळीचे दिवस आजाराच्या सुट्टीत घालवत. रक्तक्षय हा त्याहून गंभीर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या, त्याच वयाच्या मुलांत ३१ टक्के. मुलींचे हिमोग्लोबिन मुळातच मुलांपेक्षा कमी, त्यात ही भर. तेव्हा धाप लागणारी मुलगी आळशी आहे की तिच्या रक्तात लोह कमी आहे हे साध्या तपासणीनेच कळते.

गुडघ्याचा प्रश्न खो-खो आणि कबड्डी या दोन्ही खेळांत येतो. अचानक थांबणे, वळणे आणि उडीनंतर एका पायावर उतरणे यांत गुडघ्यातला पुढचा तिरका अस्थिबंध फाटण्याचा धोका वयात आलेल्या मुलींना मुलांच्या दुप्पट ते सहापट असतो. रुंद कटिभागामुळे मांडीचे हाड गुडघ्याकडे अधिक तिरके उतरते, आणि उंची झपाट्याने वाढते त्या काळात मुलांप्रमाणे स्नायूंची ताकद त्याच वेगाने वाढत नाही. उडीवरून उतरताना गुडघे आत वळू न देणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे आणि एका पायावर तोल राखणे अशा व्यायामांनी हा धोका निम्म्याच्या आसपास उतरवता येतो असे फुटबॉल आणि हँडबॉल खेळणाऱ्या मुलींवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. सराव सुरू होण्याआधीची पंधरा-वीस मिनिटे त्याला पुरतात. बाराव्या-तेराव्या वर्षी, म्हणजे किशोरी गटात असतानाच, हे व्यायाम सुरू केले तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो.